तबिथाबाईंची विनंती

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी उपदेशाआधी प्रार्थना-विनंत्या वाचतात आणि अकरा वर्षं त्या मीच वाचतोय. मी मंडळीचा सेक्रेटरी. कल्लप्पा देवदान यांची विनंती सातव्या क्रमांकावर असायची. त्यांच्या आधी दहावीची मुलं, त्यांच्या नंतर उजनीचं पाणी. "बंधू कल्लप्पा यांची स्मरणशक्ती परत यावी," असं मी चौदा महिने एकाच आवाजात वाचलं. मंडळी आमेन म्हणायची आणि मी पाण्याकडं वळायचो.

कल्लप्पा रेल्वेत तिकीट तपासनीस होते. वाडीपासून दौंडपर्यंत एकही फुकट्या त्यांच्या हातून सुटला नाही. निवृत्त झाल्यावर ते मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, झाले आणि त्यांच्या प्रार्थनेतून आम्हीही सुटलो नाही. नाताळच्या जेवणाआधी ते डोळे मिटून उभे राहिले की बायका पुलावाचं पातेलं परत शेगडीवर चढवायच्या.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांची आधी नावं गेली, मग देवळातून, म्हणजे चर्चमधून, घराकडं यायची वाट गेली, मग बायको गेली. म्हणजे बायको घरातच होती, पण ते तिला "सिस्टर" म्हणायला लागले. तबिथाबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळं त्यांना ते फारसं परकं वाटलं नाही. मूलबाळ नव्हतं. घास भरवणं, अंग पुसणं, चादरी बदलणं, सगळं त्या एकट्या करायच्या. शेवटी कल्लप्पांकडं दोनच शब्द उरले, "तिकीट" आणि "आमेन".

त्यातच बाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डावा आधीच अधू होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दोनदा दिली, दोनदा त्यांनी सोडली. कल्लप्पांजवळ बसणार कोण? एका रविवारी त्या मला म्हणाल्या, "सेक्रेटरी, विनंतीत एवढं घाला की, कुणीतरी चार-पाच तास यांच्याजवळ बसा."

मी म्हणालो, "बाई, विनंत्या देवाकडं जातात. ही माणसांकडची झाली. यादीत तिला जागा नाही."

हे मी खरंच म्हणालो. लपवण्यात अर्थ नाही.

त्याऐवजी आम्ही त्यांच्या घरी दर गुरुवारी प्रार्थनासभा ठेवली. रेल्वे लाइन्समधल्या त्यांच्या दोन खोल्यांत अठरा माणसं मावतात हे तेव्हा कळलं. महिला संघाच्या अध्यक्षा चंद्रिकाबाई सुरुवात करायच्या. "प्रभू, तू जाणतोस," असं म्हणून त्या देवाला ठाऊक असलेलं सगळं देवाला परत सांगायच्या. रेल्वे लाइन्स, वरचा मजला, डॉक्टरांनी काढलेला फोटो, त्यात आकसलेला मेंदू, सकाळच्या गोळ्या, संध्याकाळच्या गोळ्या. केसपेपरच वाचायच्या म्हणा ना.

पहिल्याच गुरुवारी त्या मेंदूपर्यंत पोचल्या आणि खुर्चीतून कल्लप्पा खणखणीत आवाजात म्हणाले, "आमेन."

सवयीनं अठराजण आमेन म्हणाले आणि डोळे उघडले. चंद्रिकाबाईंनी पुन्हा सुरुवात केली. गोळ्यांपाशी पुन्हा आमेन. तिसऱ्यांदा त्यांनी ते मनाला लावून घेतलं.

तबिथाबाई प्रार्थनेला कधीच नसायच्या. त्या आत अठरा कप चहा टाकत असायच्या. साखर डोळ्याला दिसत नव्हती, ती त्या चिमटीनं चाचपून घालायच्या. चहाबरोबर मंडळीचं मार्गदर्शन सुरू व्हायचं. घरात एखादं पाप कबूल करायचं राहिलंय, असं एकाचं मत. विश्वास कमी पडतोय, असं दुसऱ्याचं. तिसऱ्यानं भिजवलेले अक्रोड सुचवले. कप विसळता विसळता बाईंनी एकदा विचारलं, "मंगळवारी सकाळी कुणी येता का? डोळ्याची तारीख आहे."

चंद्रिकाबाई म्हणाल्या, "त्या वेळी आम्ही आपापल्या घरून प्रार्थना करू की." तीही तारीख गेली.

याच सुमारास हैदराबादहून ब्रदर एलियाजर तीन दिवसांच्या मेळाव्याला आले. पांढरा सूट, पांढरे बूट. आपल्या उन्हात आणि धुळीत ते बूट पांढरे राहतात हाच पहिला चमत्कार, असं आमचा पेटीवाला हळूच म्हणाला. चंद्रिकाबाईंनी त्यांना कल्लप्पांकडं नेलं. ब्रदरनी डोक्यावर हात ठेवून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना सुरू केली, आणि कल्लप्पांनी ती त्यांच्याबरोबर पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत म्हटली, जुन्या आवाजात, एकही चूक न करता. बायका रडल्या. चंद्रिकाबाईंनी रडता रडता व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो मंडळीच्या ग्रुपवर, तिथून होटगी, अक्कलकोट, कुठं कुठं गेला. खाली लिहिलं होतं, स्मरणशक्ती परत मिळाली.

मी अभिनंदन करायला गेलो. तबिथाबाई चादर पिळत होत्या.

"ते तर रोज म्हणतात," त्या म्हणाल्या. "दात घासतानासुद्धा. लहानपणी पाठ केलेलं सगळ्यात शेवटी जातं. नर्सला ठाऊक असतं हे."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला विचारलं कुणी?"

रविवारी कल्लप्पांना साक्ष द्यायला वेदीजवळ उभं केलं. देऊळ गच्च भरलं होतं. ब्रदरनी माइक पुढं केला. "बंधू, सांगा मंडळीला, मी कोण आहे?"

कल्लप्पांनी त्यांना बुटांपासून केसांपर्यंत न्याहाळलं आणि हात पुढं केला. "तिकीट."

ब्रदर हसले. "बरोबर. स्वर्गाचं तिकीट."

कल्लप्पांचा हात तसाच होता. "तिकीट," ते पुन्हा म्हणाले, या वेळी दरडावून. मग त्यांनी ब्रदरचा कोपर धरला आणि चाळीस वर्षं फुकट्यांना जसं उतरवलं तसं त्यांना शांतपणे वेदीच्या तीन पायऱ्या खाली उतरवलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना. शेवटी पेटीवाल्यानं गाणं सुरू केलं.

विश्वास कमी पडला, असं ब्रदर जाताना म्हणाले. कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही. दुपारच्या गाडीनं ते गेले.

आता माझी अडचण झाली. चंद्रिकाबाईंचं म्हणणं, कल्लप्पांचं नाव विनंतीतून काढून उपकारस्तुतीत, म्हणजे देवाचे आभार मानायच्या यादीत, घाला, कारण व्हिडिओ सगळीकडं गेलाय. मी तबिथाबाईंना विचारायला गेलो. कल्लप्पांनी नुकतंच अंथरूण खराब केलं होतं. "बरं झालं आलात," बाई म्हणाल्या, "खांदा धरा जरा." मी धरला. चौदा महिन्यांत त्या माणसाला मी पहिल्यांदा हात लावत होतो. खांद्याचं हाड थेट तळहाताला लागलं.

पुसता पुसता बाई म्हणाल्या, "स्मरणशक्ती मी मागतच नाही आता. सकाळी मागते, आज घास गिळू दे. दुपारी मागते, माझा हात उठू देऊ नको. परवा उठला होता."

"उठला?"

"जेवण थुंकले सगळं माझ्या अंगावर. मी थोबाडीत मारली. त्यांनी गाल धरला आणि आमेन म्हणाले." त्यांनी फडकं बादलीत पिळलं. "तेव्हापासून माझी प्रार्थना लई आखूड झालीय."

बाईंना डोळ्याची नवी तारीख मिळाली होती. त्या रविवारी सातव्या क्रमांकावर मी वाचलं, "मंगळवारी सकाळी आठ ते दुपारी एक, बंधू कल्लप्पांजवळ बसायला माणूस हवा. अंग पुसता आलं पाहिजे." मंडळी सवयीनं आमेन म्हणाली. नंतर अंगणात माझ्याजवळ कुणी आलं नाही. पुढच्या गुरुवारी अठरांचे पाच झाले, त्याच्या पुढच्या गुरुवारी सभाच झाली नाही. प्रभूनं आपल्या मनावरचा हा भार काढून घेतलाय, असं चंद्रिकाबाईंनी कळवलं.

ऑपरेशनच्या त्या मंगळवारी मीच गेलो. स्वतः वाचलं होतं, न जाऊन सांगतो कुणाला? वर पोचलो तर कल्लप्पांच्या शेजारी कपाळाला विभूती लावलेले एक गृहस्थ मांडी घालून बसलेले. खालच्या मजल्यावरचे गुरुसिद्धप्पा, निवृत्त इंजिन ड्रायव्हर. ते कल्लप्पांशी कानडीत काहीबाही बोलत होते आणि कल्लप्पा मान हलवत होते. शेजारच्या शमशादभाभी रिक्षा घेऊन बाईंना दवाखान्यात नेत होत्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोन सांगायला पायजे?" गुरुसिद्धप्पा म्हणाले. "मी कवाच म्हटलं हुतं, बसतो की. बाई म्हणायच्या, नको, आमची मंडळी येनार हाय." माझ्याकडं बघून त्यांनी सरकून जागा केली. "बसा. आली की मंडळी."

कल्लप्पांनी मला हात पुढं केला. "तिकीट." मी गोंधळलो. गुरुसिद्धप्पांनी बंडीच्या खिशातून एसटीच्या जुन्या तिकिटांचा जुडगा काढला आणि त्यातलं एक माझ्या हातात दिलं. कल्लप्पांनी ते नीट पाहिलं, कोपरा फाडला, मला परत दिलं आणि समाधानानं मागं टेकले. एवढ्या प्रार्थना केल्या, पण त्यांना एक तिकीट द्यावं हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी निघाल्यावर बाईंना सगळ्यात आधी आपलं घर दिसलं. "एवढी जळमटं होती आणि तुम्ही अठराजण वर बघून प्रार्थना करायचात?" त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी कल्लप्पांकडं पाहिलं आणि त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. ते किती वाळलेत हे तोवर बाईंच्या हातालाच ठाऊक होतं.

आता मंगळवारी मी जातो, शुक्रवारी गुरुसिद्धप्पा. कल्लप्पा सुधारलेले नाहीत, सुधारणारही नाहीत. घास गिळायला आता अर्धा अर्धा तास लागतो.

परवा आमचे तरुण पाळकसाहेब, रविवारी उपदेश करणारे, आले. प्रार्थनेचं पुस्तक बगलेत धरून दारातच उभे राहिले. बाईंनी त्यांना बसवलं आणि हातात नेलकटर दिलं. पाळकसाहेबांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाची नखं कापली नसावीत. एकेक बोट ते परीक्षेचा पेपर सोडवल्यासारखं धरत होते. उजवा हात झाल्यावर त्यांनी घाम पुसला आणि विचारलं, "बाई, आता प्रार्थना करू का?"

"करा की," तबिथाबाई म्हणाल्या. "डावा हात करता करता करा."