चार दिवसांची घरघर

बदरीनाथांचा राग हल्ली सकाळच्या कॉफीबरोबरच चढायचा. कुंभकोणम्‌ला तिरुनागेश्वरम्‌च्या रस्त्यावर त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पस्तीस वर्षांचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, टॅपेट सैल आहे. गिऱ्हाईक काही का सांगेना, इंजिन काय सांगतंय ते ऐकणारा गावात हा एकच माणूस, असं लोक म्हणत. खोटं कशाला बोला, बदरीनाथही म्हणत.

आता रस्त्यावरून निम्म्या गाड्या मुक्यानेच जातात. फटफट नाही, धूर नाही, तेल बदलायचं नाही. आणि येणारा-जाणारा विचारतो, पेट्रोलचं आता काय खरं, मेस्त्री? जसं काही पेट्रोल त्यांच्या घरी पाहुणं आलं होतं आणि ते कधी जाणार हे यांनाच ठाऊक.

त्यात कहर केला घरच्याच माणसाने. मुलगी प्रीति स्वामीमलैच्या एका दवाखान्यात नर्स. बापाला न विचारता तिने बॅटरीची स्कूटर दारात आणून उभी केली.

"ह्या वंडीला मीं हात लावणार नाहीं," बदरीनाथ सगळ्या घरासमोर म्हणाले. "मेलों तरी नाहीं."

वंडी म्हणजे गाडी. तीनशे वर्षं तमिळ मुलुखात काढली की घरच्या मराठीत असे शब्द मुक्कामालाच येतात.

"नका लावूं," प्रीति म्हणाली. "कंपनीचे लोक आहेत."

आयुधपूजेच्या चार दिवस आधी ती कामाला निघाली आणि बदरीनाथांचे कान टवकारले. इंजिनच नसल्यामुळे बाकी सगळं लख्ख ऐकू येत होतं. पुढच्या चाकात बारीक घरघर होती, जात्यात खडा सापडावा तशी. बेरिंग निकामी होत चाललं होतं. बोलावं का? पण मेलों तरी नाहीं म्हणून बसले होते, आणि बाईसाहेबांनी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरघर वाढली. तिसऱ्या दिवशी ते पायरीपर्यंत आले, घसा खाकरला आणि परत आत गेले. कंपनीवाल्यांनी पाहिलं असेलच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ती काही पटली नाही.

आयुधपूजेला सगळी हत्यारं चंदन-कुंकू लावून देवापुढे मांडली होती. त्या दिवशी ती उचलायची नाहीत. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुन्हा हातात घ्यायची. हा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. पण दवाखान्याला सुट्टी नव्हती. पूजा झाली, चाकाखाली ठेवलेलं लिंबू चिरडत प्रीतिने स्कूटर पुढे घेतली, आणि चाक करकरलं.

बदरीनाथ आडवे आले. "उतर."

"अप्पा, उशीर होतो मला. परवांच कंपनीत दाखवली. कंप्यूटरांत कांहीं दिसलं नाहीं."

"कंप्यूटराला कान आहेत काय?"

त्यांनी आत जाऊन देवापुढचा सतरा नंबरचा पाना उचलला.

"अहो, पूजेंतलं उचलतां?" त्यांची बायको वरलक्ष्मी कळवळली.

"देवाला उद्यां समजावतों."

चाक उतरलं. बेरिंग काढलं तर त्यातल्या गोळ्या तळहातावर सांडल्या, दोन फुटलेल्या. मोटारसायकलींना लागणारं त्याच मापाचं नवं बेरिंग फळीवर होतंच, ते बसलं. त्याचाही त्यांना रागच आला. एवढा गाजावाजा करून आलेली वंडी, आणि आत हेच बेरिंग.

प्रीति त्या गोळ्यांकडे पाहत होती. "हें आज कळलं तुम्हांला?"

"चार दिवस झाले," ते तोऱ्यात बोलून गेले, आणि लगेच जीभ चावली.

ती स्कूटरवर बसली.

"चार दिवस मीं ह्याच वंडीवरून गेलें, अप्पा."

एवढं बोलून ती निघाली. चाक आता अजिबात वाजत नव्हतं. कुंकू लागलेला पाना हातात धरून बदरीनाथ ती वळेपर्यंत ऐकत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या कानांची लाज वाटत होती.