मॅट्रिक वैमानिक

खुशालराव अकोल्याजवळच्या शिवणीच्या धावपट्टीवरून कपाशीवर औषध फवारणारं छोटं विमान उडवत. पिकापासून माणसाच्या उंचीवर यायचं, शेताच्या टोकाला कडुनिंब आला की नाक वर घ्यायचं, आणि हे सकाळभरात चाळीस वेळा. पाच वर्षांत विमानाला साधा ओरखडा नाही. पण शिक्षण मॅट्रिक. आणि १९६२ साली एका प्रवासी विमान कंपनीला वैमानिक हवे होते ते पदवीधर.

"इमान उडवाले बी.ए. कायले लागते?" ते बायकोवर, ललितावर खेकसले. जणू अट तिनंच घातली होती. "वरतं जाऊन काय निबंध लिवाचा हाय?"

"मंग अर्ज नोका करू."

"कावून नाही करू? करतो!"

केला. अनुभव पाहून कंपनीनं कळवलं, आमचे साहेब येऊन परीक्षा घेतील, त्यांच्या अहवालावर ठरेल. त्या दिवसापासून खुशालरावांना झोप नव्हती. मोठं विमान चालवायचं, एवढंच त्यांनी आयुष्यात मागितलं होतं.

साहेब आले नेमके पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी धावपट्टीचा चौकीदार पुंजाजी यानं विमानाचाही पोळा केला होता. त्याच्या लेखी तेही शेतात राबणारं जनावरच. बैलाला शिंग असतं, तशी विमानाच्या पंखाला बोटभर नळी पुढं आलेली असते. पुंजाजीनं मोठ्या मायेनं तिला हिंगूळ फासलं, टोकाच्या भोकावर बेगड चिकटवली. त्या नळीत वारा शिरतो आणि त्यावरून तबकडीतला काटा वेग दाखवतो, हे त्या बिचाऱ्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

साहेब बी.एस्सी. होते. "पाहणी मीच करणार," म्हणाले आणि खुशालरावांना लांब उभं केलं. हातात छापील यादी. नळी आहे? आहे. केली बरोबरची खूण. लाल का, चकाकते का, असले प्रश्न यादीत नव्हते.

पुढच्या जागेवर बसून साहेबांनीच विमान उचललं. झाडं खाली गेली तरी काटा शून्यावर. "वेग किती? अहो, वेग किती आहे?" साहेब ओरडू लागले आणि वेग गेला, आता विमान पडणार, असं समजून घाबरून नाक खाली दाबू लागले. मागच्या जागेवर खुशालरावांचं डोकंच फिरलं.

"सोडा दांडी! सोडा म्हन्तो ना!"

त्यांनी विमान हाती घेतलं. वाऱ्याची शीळ ऐकत, बुडाखालचा थरथराट ओळखत, काट्याकडे न बघता अलगद खाली आणलं. उतरल्यावर साहेब पुंजाजीच्या अंगावर धावले. खुशालराव मध्ये उभे राहिले.

"त्याले कायले बोलता? त्यानं शिंग पायलं. तुमी त नळी पायली ना, साहेब!"

महिन्यानं पत्र आलं. उड्डाण उत्तम, पदवी नसल्यामुळे प्रवासी विमानासाठी अपात्र, मात्र निवडलेल्या पदवीधरांना त्यांनी शिवणीला सराव द्यावा. खुशालरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शिकवायचं आणि उडवायचं त्यांनी! त्यांनी ते पत्र फाडलं असतं, तर ही गोष्ट सांगणाऱ्या मला आवडलं असतं. पण कपाशीचा हंगाम संपला की विमान आठ-आठ महिने उभं असे, आणि जमिनीवर राहणं त्या माणसाला सोसत नव्हतं. शिकवायला लागले. चिडून शिकवत, शिव्या देत शिकवत, पण चोख शिकवत.

चार वर्षांत अकरा पदवीधर त्यांच्या हाताखालून गेले. एका दिवाळीला त्यांतल्या एकाचा फोटो आला. अंगावर गणवेश, डोक्यावर वैमानिकाची टोपी, मागं भलं मोठं विमान. पाठीमागं लिहिलं होतं, 'आपल्याच आशीर्वादानं.'

ललितानं कौतुकानं भिंतीवर लावायला खिळा काढला. खुशालरावांनी तो खिळा तिच्या हातातून हिसकावून अंगणात भिरकावला.

"आशीर्वाद म्हन्ते लेकाचा! त्या टोपीखाली माह्यं डोकं पायजे होतं, ललिता. माह्यं!"