गाडी थांबण्याआधी उघडलेले दार

माझ्या पत्नीने चालत्या गाडीतून उडी मारली नव्हती.

वर्षभर हे वाक्य ओठांपर्यंत येऊन परत गेले. आज कुंदाचे वर्षश्राद्ध आहे. आज ते लिहितो.

"वहिनींनी जरा घाई केली हो," असे सांत्वनाला आलेली मंडळी म्हणत. मी चहाचा कप पुढे करत असे. उत्तर द्यायचे तर सगळे पहिल्यापासून सांगावे लागले असते, आणि तेवढे बळ नव्हते.

कुंदा पालघरला एका कार्यालयात नोकरीला होती. संध्याकाळच्या पॅसेंजरने डहाणूला यायचे, आणि स्टेशनबाहेर उभी असलेली बस पकडून तलासरीला. ती बस चुकली की पुढच्या बसची वाट पाहता पाहता अंधार पडे.

म्हणून तिच्या डब्यातल्या बायकांनी एक व्यवस्था लावली होती. तिला त्या "रुमालाची पाळी" म्हणत.

दररोज एकीची पाळी. गाडी डहाणूत शिरू लागली की सगळ्या आपापले रुमाल तिच्या हाती देत. ती दारात उभी राही, वेग मंदावताच उतरे, धावत बस गाठे आणि खिडक्यांतून एकेका सीटवर रुमाल टाके. मागून येणाऱ्यांची जागा पक्की.

त्यासाठी दार गाडी थांबण्याआधीच उघडावे लागे. त्यात काही चुकते आहे, असे कोणालाच वाटेनासे झाले होते.

कुंदा मात्र तिच्या पाळीलाही गाडी पूर्ण थांबल्यावरच उतरे. त्यावरून तिची थट्टा होई. हंसाबेन, तिची त्या डब्यातली सर्वांत जुनी मैत्रीण, सर्वांना ऐकू जाईल असे म्हणत, "आज कुंदाबेनची पाळी! चला, बसमध्ये महालक्ष्मीच्या स्टॉपपर्यंत उभ्यानेच जायचं."

"उभी राहा ना," कुंदा म्हणे. "पाय शाबूत असले तर उभी तरी राहशील."

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गाडी थांबतानाचा शेवटचा धक्का सर्वांत फसवा असतो, हे मी तिला घरी सकारण समजावले होते.

ती म्हणाली होती, "अहो, तुमची गाडी फळ्यावर थांबते. आमची डहाणूला थांबते."

वागत मात्र माझ्या म्हणण्याप्रमाणेच असे. फक्त तसे कबूल करत नसे.

त्या दिवशी पाळी कुंदाची नव्हती. वैशालीची होती.

वैशाली आमच्याच गल्लीतली, कुंदाच्याच कार्यालयात नव्याने लागलेली. तिला सातवा महिना होता. तरीही ती रुमाल गोळा करायला उठली.

"आण इकडे," कुंदाने ते तिच्या हातातून काढून घेतले. "हे पोट घेऊन धावणार आहेस का?"

"पण काकू, पाळी माझी आहे."

"बाळ झालं की दोनदा धाव. बस खाली."

आपले काम काकू करणार, याचा वैशालीला संकोच वाटला. थंडीमुळे दार बंद होते. ती पुन्हा उठली. "दार तरी मी उघडून देते," म्हणाली आणि तिने कडी काढली.

कुंदा एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हातात रुमाल घेऊन आत उभी राहिली. गाडी थांबण्याची वाट पाहत.

प्लॅटफॉर्म सुरू झाला होता. गाडीने धक्का दिला. तिचा हात सुटला.

पुढचे मी लिहिणार नाही.

हंसाबेन चौदाव्याला घरी आल्या तेव्हा दारातच मला म्हणाल्या, "सर, लोकं काय पण बोलतात. ती उतरत नव्हती. तिचे दोन्ही पाय आत होते. मी बघितलं ने, माझ्या डोळ्यांनी."

त्या अपघातापासून रुमालाची पाळी बंद झाली. आता त्या डब्याचे दार गाडी पूर्ण थांबल्याशिवाय कोणी उघडत नाही. एखादी नवीन बाई कडीला हात लावू लागली, तर हंसाबेन ओरडतात, "थांबू दे पूर्ण! बस काय पळून जाते?"

कधीकधी बस खरोखरच निघून जाते, असेही त्यांनी मला सांगितले. मग सगळ्याजणी अंधारात पुढच्या बसची वाट पाहतात.

डहाणूला उतरणाऱ्या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्हीही तेवढी वाट पाहा.

आता ज्या कारणासाठी मी हे सर्व लिहायला बसलो, ते.

पतीच्या आधी गेलेल्या स्त्रीच्या श्राद्धाला सवाष्ण जेवू घालतात. मी वैशालीला बोलावले. तिचा मेसेज आला, "काका, दार मी उघडलं होतं. मला बोलावू नका."

तिला मुलगा झाला. गल्लीच्या टोकाला राहणारे ते बाळ मी अजून पाहिलेले नाही. मी दिसलो की ती घरात जाते.

वैशाली, हे तुलाही मोबाइलवर पाठवतो आहे. कडी तू काढलीस हे खरे आहे. ते मी नाकारणार नाही. खोटा दिलासा तुला पटणारही नाही. पण ते दार वर्षानुवर्षे रोज कोणी ना कोणी वेळेआधी उघडत होते. त्या दिवशी हात तुझा होता, एवढेच. आणि तो हात तू कुंदाच्या मदतीसाठी पुढे केला होतास.

तिने तुझ्या हातातले रुमाल घेतले, कारण तिला तुझी आणि बाळाची काळजी होती. तुम्ही दोघे सुखरूप आहात. वर्षभरात या एका गोष्टीनेच मला धीर दिला.

स्वयंपाक कुंदाची धाकटी बहीण करते आहे. सवाष्णीचे पान मोकळे पाहून तिने मघाशी विचारले, "भावोजी, शेजारच्या वहिनींना सांगू का?"

मी नको म्हणालो.

बाळाला घेऊन ये. उशीर झाला तरी चालेल. तू आल्यावरच पाने वाढू.

कुंदा, तुझ्या स्मृतीला आम्हा सर्वांचा साश्रू नमस्कार.