ओढ्याच्या वहीतला सात

फिलिप गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडलेली होते. ओढ्याच्या पाण्याच्या त्याच्या बाटल्यांनी माझ्या फ्रिजचं अख्खं दार अडवलं होतं, आणि त्यातली एक नुकतीच फरशीवर सांडली होती.

मरोळच्या जुन्या गावठाणातला हा माणूस मी शिकवायचे त्याच शाळेत विज्ञान शिकवायचा. निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात. याने दिंडोशीच्या डोंगरातला ओढा सांभाळायला घेतला. दर रविवारी दहा दगड उलटायचे, खाली चिकटलेल्या अळ्या मोजायच्या, वहीत आकडा लिहायचा. सोबत मी, कारण माझा गुडघा दुखतो हे त्याला कधी पटलंच नाही. "धूर पावसात मिसळतो, पाणी आंबट होतं. आधी हे किडे जातात, मग मासे," हे ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं. एकदा वैतागून मी त्याला वीतभर मासा दाखवला. "हा बघ, चांगला गलेलठ्ठ आहे. उगाच कशाला रडतोस?" तो म्हणाला, "म्हातारा आहे गं तो. पिल्लं दाखव ना." पिल्लं नव्हती. आंबट पाण्यात अंडी फुटतच नाहीत म्हणे... एका रविवारी दगडांखाली काहीच मिळालं नाही म्हणून मी वही मिटली, तर खेकसला, "शून्यही लिहायचं, सुमन. नाहीतर लोकांना वाटतं, कुणी बघितलंच नाही."

शेवटी तो हॉस्पिटलात होता. "रविवारी जाशील ना?" मी हो म्हटलं आणि गेले नाही. गुडघा, ऊन... छे, नुसता कंटाळा. सोमवारी त्याने विचारलं, "किती?" तोंडाला आलं ते सांगितलं, "सात." इतका खूश झाला की नर्सलाही सांगितलं. उशाची वही मागून स्वतःच्या हाताने सात लिहिलं. गुरुवारी तो गेला. मुलांच्या प्रयोगवहीतले खोटे आकडे लांबून ओळखायचा हा, माझा कसा नाही पकडला याने? मला अजून राग येतो. त्याचा की माझा, ते सोडा.

परवाच्या रविवारी त्याच्या उशाची वही घेऊन एकटी गेले. दहाही दगड उलटले, मग पुन्हा पहिल्यापासून उलटले. वही उघडली, पण त्याच्या अक्षरातल्या सातवर काट मारवेना. शेजारी लिहिलं, 'हा आकडा खोटा आहे. मी गेले नव्हते.' खाली सही केली. आणि पुढच्या ओळीत शून्य लिहिलं.