चिमटामामाचे कागद

माझ्या मामाला सगळे चिमटामामा म्हणतात. हे नाव बाबांनी ठेवलं, आणि तेव्हा ते काही कौतुकानं ठेवलेलं नव्हतं.

मामाचं काम सांगायला सोपं, पटवायला अवघड. वाचनालयाच्या गच्चीवर एक यंत्र आहे. ते दिवसभर हवा ओढतं आणि एका गोल, पांढऱ्या कागदातून सोडतं. मामा रोज सकाळी जिना चढतो, तो कागद चिमट्यानं उचलून डबीत ठेवतो, एक दिवस कोरड्या काचपेटीत राहू देतो आणि मग तोलतो. कोऱ्या कागदाचं वजन वजा केलं की उरते ती हवेतली घाण. बोट लागलं तर बोटाचा घामही वजनात येतो, म्हणून चिमटा. तोलताना तो श्वाससुद्धा रोखून धरतो. सवय इतकी अंगात मुरली, की घरी गरम चहावरही फुंकर मारत नाही. आई म्हणते, "जो चहावर फुंकर मारत नाही, तो भांडण काय पेटवणार!"

पण भांडण पेटलंच. बाबांची बेकरी वाचनालयाच्या अगदी समोर, आणि भट्टी लाकडाची, आजोबांच्या वेळची. त्या थंडीत शहरावर असं धुरकं साचलं, की समोरची इमारत दिसेना. मामाच्या प्रदूषण-कचेरीनं विचारलं, हे येतं कुठून? मामाच्या कागदांना ते ठाऊक होतं. रस्त्याची धूळ तपकिरी आणि जाड, ती लवकर खाली बसते. गाड्यांचा आणि लाकडाचा धूर मात्र इतका बारीक, की केसाच्या जाडीत त्याचे तीस-चाळीस कण सहज मावतील, आणि तो कागद काळा करतो. थंडीत वरची हवा झाकणासारखी बसते, मग हा धूर जाणार कुठे? बेकरीकडून वारा आला, की मामाचा कागद काळाकुट्ट निघायचा. महिनाभर असंच राहिलं तर कचेरी आमची भट्टी बंद करणार होती.

बाबांनी मामाला बाजूला घेतलं. "अरे, एखादा कागद फाटतोही ना? फाटलेला तुम्ही मोजत नाही. मग या महिन्यात चार-पाच फाटू देत की."

"दाजी, फाटला तर तसं लिहीन. फाडून नाही लिहिणार."

"सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय देतोस?"

मामा चपला घालून निघून गेला. पंधरा दिवस तो आमच्याकडे फिरकला नाही, आणि खरं सांगते, मलाही त्याचा राग आला होता. भट्टी गेली तर घर कशावर चालणार होतं?

शेवटी आईनंच भावाला फोन केला. "गच्चीवर सगळ्या गावाचा धूर येतो. तुझं यंत्र आमच्या बेकरीत लाव. होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष."

मामानं छोटा पंप आणला. जागा आईनं दाखवली. ती पाव बांधायला बसते, त्या स्टुलाशेजारी. दुसऱ्या दिवशी बाबांनी उत्साहानं मदत केली, म्हणजे पिठाच्या हातांनी कागद काढून मामाच्या पुढ्यात धरला. मामानं डोळे मिटून घेतले. "दाजी, हा गेला. आता परत चोवीस तास." पुढचा कागद मामा काढत असताना बाबा हात पाठीमागे बांधून उभे होते.

तेवढ्याच हवेमागे वजन गच्चीवरच्या कागदाच्या नऊपट आलं.

"बेकरी आहे ही!" बाबा उसळले. "इथं पीठ उडतं. तुझ्या कागदानं पीठ धरलंय, पीठ!"

मामानं डबी उघडून त्यांच्यापुढे केली. "पीठ काळं कधीपासून झालं, दाजी?"

बाबांनी डबी दाराशी नेऊन उजेडात धरली. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःहून लाकडाची भट्टी विझवली आणि विजेची आणली. सुरुवातीला पाव वरून करपायचा, खालून कच्चा राहायचा. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. मग बाबांचा हात बसला.

महिन्याभरानं मामा गच्चीवरचा नवा कागद घेऊन आला. तो आधीपेक्षा थोडासाच उजळ होता. बाबांचा चेहरा पडला. "मी भट्टी घालवली, आणि शहर जैसे थे?"

"दाजी, तुमची एक चूल विझली. गाड्या आहेत, कारखाने आहेत, कचरा जाळणारे आहेत. काही वायूंचे तर हवेत गेल्यावर कण होतात. सगळं खापर तुमच्यावर मी कधीच फोडलं नव्हतं." मग त्यानं दुसरी डबी उघडली. त्यात स्टुलाशेजारचा नवा कागद होता. जवळजवळ पांढरा.

बाबांनी हात लावला नाही, नुसते वाकून पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे वीस वर्षं ही त्या काळ्या धुरातच बसली होती."

आईनं पावाच्या पुड्याला गाठ मारली. "मला विचारलं असतंत, तर कागद कशाला लागला असता?"

बाबांनी दुसरं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी पाव बांधायला बसले.