मालकांच्या डोक्यावर पाणी

नरकाची धास्ती मी घेतली ती म्हातारपणी, आणि तीही स्वतःसाठी नाही. माझं म्हणे सगळं ठीक आहे. मी प्रभूला मानते, येलदरी धरणाच्या पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतलाय, उद्या मेले तर सरळ स्वर्गात. धास्ती मालकांची, माझ्या घरधन्याची. त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही. आणि परभणीच्या डॉक्टरनं सांगितलंय की त्यांच्या काळजात आता दम उरलेला नाही, ऑपरेशन झेपायचं नाही, घरी न्या आणि जपा.

तर आम्ही मेंढरंवाले. माझं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं, शाळा कुठली बघायला. अक्षरं ओळखायला शिकले तेच प्रार्थनेला जायला लागल्यावर, गाण्याच्या ओळींवर बोट फिरवत फिरवत. त्याआधी माझं डोकं असं उठायचं की भिंतीवर आपटावंसं वाटायचं. देव झाले, भगत झाले, दवाखाने झाले. मग शेजारच्या गावच्या एका बाईनं पत्र्याच्या शेडमधल्या प्रार्थनेला नेलं आणि डोकं दुखायचं राहिलं. कसं राहिलं ते मला सांगता येणार नाही, कोणी हसलं तर हसू द्या.

मालकांनी कधी अडवलं नाही. उलट दर रविवारी गाडीवर मागं बसवून स्वतः न्यायचे, आणि प्रार्थना संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली बिडी ओढत बसायचे. आत चला म्हणलं की म्हणायचे, "तू जा. दोघंबी आत गेल्यावर चपला कोण राखंल?"

आमची प्रार्थना घेणारे पाळकसाहेब माझ्या लेकाच्या वयाचे. माणूस भला. मालक दवाखान्यात होते तेव्हा डबा त्यांच्या घरून यायचा, म्हणून तर त्यांचं बोलणं मला लागतं. वाईट माणसाचं बोलणं झटकून टाकता येतं. मालक दवाखान्यातून घरी आल्यावर थोड्याच दिवसांनी एका रविवारी साहेबांनी नरकाबद्दल सांगितलं. तिथली आग विझत नाही. माणूस कितीही चांगला असो, विश्वास नसेल तर सुटका नाही. हे मी किती वर्षं ऐकतेय, पण त्या दिवशी दारातून मला मालकांची पाठ दिसत होती. मी नको म्हणत असताना लेकाच्या गाडीवर बसून आले होते, लिंबाखाली टेकले होते, आणि खोकताना ती पाठ हलत होती. मला वाटलं, आत्ता उठावं आणि दार लावून घ्यावं, म्हणजे हे शब्द त्यांच्यापर्यंत जाणार नाहीत. जसं काही कानानंच नरक लागतो.

तेव्हापासून चुलीपुढं बसवेना. भाकरी टाकताना तव्याला बोट लागलं, मी झटक्यात ओढलं, आणि मनात आलं, त्यांना ओढता येणार नाही. भाकर जळाली तरी मी तशीच बसून. सूनबाई म्हणाली, आत्या, तब्येत बरी नाही का?

शेवटी साहेबांनाच विचारलं. प्रार्थना संपल्यावर सतरंजी गुंडाळत होते, मीही एक टोक धरलं. विचारलं, मालक तिकडं आगीत असतील तर मी वर सुखात कशी राहीन? साहेब म्हणाले, "आई, तिथं कुणाच्या डोळ्यात पाणी नसतं. देव सगळं पुसून टाकतो."

"म्हंजे मला ते आठवणार न्हाईत?"

साहेबांनी सतरंजीची दोरी बांधायला घेतली. आजवर मी नरकाला भीत होते, आता स्वर्गाचीही भीती वाटायला लागली. ते आगीत आणि मी हसतेय, नाहीतर त्यांचा चेहराच माझ्यातून पुसलेला. यातलं बरं कोणतं?

मग मी आमच्या देवीच्या बकऱ्याचं सांगितलं. साहेब शहरातले, त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्याकडं देवीला बकरं द्यायचं तर आधी त्याच्या अंगावर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झाडलं की कबूल झालं, मग मुलाणीभाऊ सुरी लावतो. नाही झाडलं तर सगळा गाव थांबतो. मग जेवण. वाटेनं जाणाऱ्यालाही बोलवायचं, कोण कुठला विचारायचं नाही. आणि गावात माळकरी असतातच, ते बकरं खात नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही वेगळी चूल मांडतो, वेगळ्या भांड्यात लापशी करतो. आमचं बकरं नाही घेतलं म्हणून कुणी उपाशी गेलेला मी बघितला नाही. मी विचारलं, "साहेब, प्रभू समद्यांसाठी बळीचं कोकरू झाला म्हणता. मग जो घेत न्हाई त्याच्यासाठी आग कशाला? आमी अडाणी माणसं चूल मांडतो."

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, भेट देणारा देतो, पण हात आपण पुढं करायचा असतो. मग हळूच म्हणाले, आजारी माणसाला बाप्तिस्मा द्यायला नुसतं पाणी शिंपडलं तरी चालतं, फक्त त्यानं हो म्हणायला हवं. "आई, त्यांना विचारा. वेळ आहे तोवर."

विचारा म्हणणं सोपं. मी रोज सकाळी त्यांना चहा देताना तोंड उघडायची आणि साखर पुरे का विचारायची. भीती अशी की त्यांना खोटं बोलता येत नाही. मी विचारणार, ते नाही म्हणणार, आणि त्यांच्याच तोंडून ते पक्कं होणार. न विचारलेलं बरं होतं. निदान काही ठरलेलं नव्हतं.

आंघोळ आता मीच घालते. अंगणात दगडावर उन्हात बसवते, ऊन पाण्याची बादली एका बाजूला, गार पाण्याची दुसऱ्या. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा झाल्यात. साहेबांशी बोलून आठवडा झाला असेल, एके दिवशी साबण लावताना मला काय झालं कोण जाणे, मी ओंजळ भरली, पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव मनातल्या मनात घेतलं आणि पाणी त्यांच्या टाळूवर सोडलं. घाईत ओंजळ गार बादलीतून भरली होती.

मालकांनी सगळं अंग झाडलं. खांद्यापासून मांडीपर्यंत, अगदी तसंच. आणि हसून म्हणाले, "घे, झालं कबूल. बोलीव मुलाणीला."

मी मटकन खालीच बसले. साबणाचे हात तोंडाला लावून रडायला लागले, डोळे झोंबले तरी हात निघेनात.

"आता रडायलीस कशाला? गंमत केली म्या."

मग मी सगळं सांगितलं. आग, विश्वास, बाप्तिस्मा, मी वर आणि तुम्ही खाली. मालक ओल्या अंगानं ऐकत बसले. माझं संपल्यावर एवढंच विचारलं, "आन तू वर जाशील, हे पक्कं हाय?"

मी म्हणलं, साहेब म्हणतात.

"मंग झालं तर. म्या बसंन बाहीर. सवय हाय मला." आणि टॉवेलासाठी हात पुढं केला.

त्यांना वाटलं माझी समजूत घातली. त्यांच्या डोळ्यांसमोर लिंब होता, सावली होती, माझ्या चपला होत्या. माझ्या डोळ्यांसमोर जे होतं ते त्यांना परत सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी नुसतं अंग पुसून दिलं.

परवाच्या रविवारी मी एकटीच गेले, मालकांना आता बसवत नाही गाडीवर. सगळे हात वर करून तारणासाठी, नरकातून सुटल्याबद्दल, देवाचे आभार मानत होते. माझे हात उठेनात. मी डोळे मिटले आणि म्हणलं, देवा, त्यांना ठेवशील तिथं मला ठेव. दुसरं काही मागायचं नाही.

म्हणून गेले आणि अंगावर काटाच आला. एवढी वर्षं प्रार्थना केली, पण अशी थेट वर गेलेली कधी वाटली नव्हती. देवानं ऐकली असेल तर, मीही आगीत? साहेबांना सांगितलं नाही, कोणालाच नाही. बाहेर आले तर चपला जागेवर होत्या आणि लिंबाखाली कोणी नव्हतं.

घरी मालक उन्हात बसून वाट बघत होते, आंघोळ राहिली होती. मी पाणी तापत ठेवलं. जाळ चांगला लागलाय का हे बघायला खाली वाकावं लागतं. मी सूनबाईला वाकायला सांगितलं.