पिंपळनेरला खोडलेले दोन शब्द

दामू गेल्याचं मला जळगावच्या कोर्टात कळलं. धुळ्याहून आलेले एक वकील सहज बोलावं तसं म्हणाले, "तुमचे ते दामू पाटील... हिवतापानं गेले हो." मी उलटतपासणीला उभा होतो. पुढचा प्रश्न काय विचारायचा होता, ते आजही आठवत नाही.

आम्ही दोघं पुण्यात कायदा शिकत होतो, तेव्हा मुंबईत पहिल्यांदा लोकांनी निवडून दिलेलं मंत्रिमंडळ आलं. जंगलाचे नियम सुधारण्यासाठी एक समिती नेमली गेली. ती खानदेशात येणार, जबान्या उतरवायला आणि मसुदा लिहायला कायद्याचे विद्यार्थी हवेत, असं कळल्यावर दामूनं माझंही नाव परस्पर देऊन टाकलं. "पुस्तकात कायदा वाचतोस, तो जन्माला येताना बघ की!" शिरपूरकडच्या कापूसवाल्या शेतकऱ्याचा हा मुलगा, स्वस्थ बसणं त्याला ठाऊकच नव्हतं.

पिंपळनेरच्या डाकबंगल्यात समिती उतरली होती. सरपणाच्या कलमात लिहिलं होतं की गावकऱ्यांना वाळकं लाकूड डोक्यावरून फुकट नेता येईल, मात्र 'लेखी परवानगीने'. मी ते मुकाट्यानं उतरवत होतो. दामूनं आदल्या दिवशी बाजारात सोनीबाई नावाच्या बाईची जबानी घेतली होती. ती त्याला म्हणाली होती, "भाऊ, लाकूड जंगलमा शे, चूल मना घरमा शे. मधमा हाऊ पास कसाले?" मध्ये हा परवानगीचा पास कशाला, हा तिचा सवाल त्याला जेवूही देत नव्हता.

तो थेट अध्यक्षांपुढे उभा राहिला. ते निवृत्त न्यायाधीश. चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही अजून विद्यार्थी आहात. सुवाच्य अक्षरात लिहा, तेवढं पुरे."

"साहेब, त्या बाईला एकदा ऐका. मग हाकलून द्या मला."

सोनीबाईला बोलावलं. ती आली, पण ओसरीच्या खांबापाशी तिच्या गावचा जंगलशिपाई उभा होता. त्याला पाहताच तिनं पदर ओढला. "काही तरास नही, साहेब," एवढंच बोलली. अध्यक्षांनी दामूकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं आता... दामूचा चेहरा लालभडक झाला होता. एकाएकी तो शिपायाकडे वळला.

"जमादार, या बाईला मोळीचा पास द्या. आत्ता, इथे."

शिपाई चाचरला. "पासबुक तालुक्याला, साक्रीला असतं, साहेब. रेंजरसाहेबांकडे. ते दौऱ्यावर असले, तर थांबावं लागतं."

 मग अध्यक्षांनी टाक उचलला आणि 'लेखी परवानगीने' हे दोन शब्द स्वतःच्या हातानं खोडले.

आनंद फार टिकला नाही. युद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळानं राजीनामा दिला, आणि आमचा मसुदा कुठल्या कपाटात गेला कोण जाणे. मी जळगावात वकिलीला लागलो. दामूनं धुळ्यात पाटी लावली, पण पाय पिंपळनेरकडेच. भेटला की म्हणायचा, "शब्द आपण कागदावर खोडला रे, जंगलात तो तसाच आहे." यंदा स्वातंत्र्य आलं. नव्या सरकारपुढे ते कलम मांडायला तो मुंबईला निघणार होता. त्याआधी पुन्हा जबान्या घ्याव्यात म्हणून जंगलपट्टीत गेला आणि ताप घेऊन परतला.

गेल्या आठवड्यात दामूच्या पत्नीला, सुमनवहिनींना, भेटायला धुळ्याला गेलो. ओसरीवरच्या बाकावर एक म्हातारा भिल्ल बसला होता. वहिनी हळूच म्हणाल्या, "यांच्याकडे लोक अजून येतात. मी आधी पाणी देते... मग सांगते." म्हाताऱ्यानं तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "वकीलभाऊ कव्हय येतीन?"

वहिनींनी तांब्या उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. आतल्या खोलीत दामूची खुर्ची टेबलापासून जराशी मागे सरकलेली होती, नुकताच कोणी उठून गेल्यासारखी. मी म्हाताऱ्याशेजारी बाकावर बसलो. दामू आता येणार नाही, हे त्याला सांगितलं.  तो काठी घेऊन उठू लागला, तसा मी त्याचा हात धरला.

"बठ, आबा. काय व्हयनं, सांग."